अ‍ॅटिकमधली बाळंतीण

मे महिना लागला की आमच्या टोरंटोतल्या मराठी ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, "छतात रकून शिरलाय, काय करू?" रकून म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, मांजरापेक्षा थोराड, रात्री फिरणारा इथला प्राणी. मग दहा जणांचे दहा सल्ले. त्यातला एक ठरलेला: पिंजरा लाव, पकड, गाडीत घाल आणि लांबच्या अल्गॉनक्विनच्या जंगलात सोडून ये. दरवेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच इथे लिहून ठेवते.

तर आधी अल्गॉनक्विन डोक्यातून काढा. आमच्या ओंटारियो प्रांताच्या कायद्याप्रमाणे जिवंत पकडलेला रकून २४ तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. आमच्या एटोबिकोच्या घरापासून १ किलोमीटर म्हणजे फार तर हंबर नदीच्या काठची झाडी. तेवढं तर तो रात्रीच्या जेवणासाठीसुद्धा चालतो. "मग पकडायचं कशाला?" असं तुम्ही विचाराल. मलाही तेच म्हणायचंय. बहुतेक वेळा पकडायचंच नाही.

सांगलीला लहानपणी पिंजऱ्यात उंदीर सापडला की बाबा तो सायकलला अडकवून कृष्णेकडे निघायचे आणि आम्हाला वाटायचं, केवढं पुण्याचं काम! लांब नेऊन सोडणं म्हणजे दया, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं असतं. रकूनच्या बाबतीत ते खोटं आहे. नव्या रानात त्याला ना खाणं माहीत, ना लपायची जागा, शिवाय तिथे आधीचे रकून असतातच. असे बरेच जण तग धरत नाहीत. आणि मादी उचलून नेलीत, तर मागे राहिलेली पिल्लं तुमच्याच छतात उपाशी मरतात. नंतरचा वास इन्शुलेशनमधून कसा उतरतो, ते आमच्या गल्लीतल्या एका घराला विचारा.

तिसरं कारण रोगाचं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये जवळच्या हॅमिल्टन शहरात पालिकेच्या, प्राणी उचलून नेणाऱ्या गाडीत एका रकूनची दोन कुत्र्यांशी मारामारी झाली. रकून तपासला तर रेबीज निघाला. त्यानंतर सरकारने त्या भागात लशीचे खाऊ टाकायला सुरुवात केली. हातानेही आणि विमानातूनही. असा आजारी रकून कोणी प्रेमाने गाडीत घालून दुसऱ्या गावात सोडला, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता आमची गोष्ट. आमचं घर जुनं, सॉफिटचा, म्हणजे छपराच्या कडेखालच्या फळीचा, एक कोपरा कुजलेला. सासूबाई सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, आलेल्या होत्या आणि त्यांची झोप सावध. एका सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "अगं, वर कोणीतरी चालतंय. आणि बारीक आवाज येतोय, पाखरांसारखा." नवरा म्हणाला खारी असतील. खार रात्री दोन वाजता फिरत नाही. त्या रात्री मी टॉर्च घेऊन बाहेर गेले, तर रकूनची मादी पन्हाळीच्या पाइपवरून डोकं खाली करून उतरत होती. रकूनचे मागचे पाय घोट्यात पार उलटे वळतात, म्हणून त्याला माणसासारखं पाठमोरं उतरावं लागत नाही. माझ्याकडे बघून ती जरा थांबली, पाइपभोवती बोटं घट्ट केली, आणि मी काही करत नाही अशी खात्री पटल्यावर सावकाश उतरून डेकखालून, म्हणजे मागच्या लाकडी ओट्याखालून, निघून गेली. बोटं अगदी माणसाच्या बाळासारखी, फक्त काळी.

नवऱ्याने घरात शिरलेले प्राणी काढणाऱ्या कंपन्यांना फोन केला. पहिल्या कंपनीने सांगितलेला आकडा ऐकून तो खालीच बसला. एकतर्फी दार लगेच लावतो, असंही ते म्हणाले. म्हणजे बाहेर जाता येतं पण आत येता येत नाही असं झडपेचं दार. पिल्लं चालत नसताना ते लावलं, तर बाहेर अडकलेली आई अख्खं छप्पर उचकटते. छपरावरच्या शिंगल्स काय आणि लाकूड काय, तिला फरक पडत नाही.

सासूबाईंनी मात्र एका वाक्यात निकाल दिला. "बाळंतीण आहे ती. जरा दम काढा की."

दम काढला, पण नुसता नाही. रकूनच्या मादीच्या डोक्यात सहसा एकापेक्षा जास्त जागा असतात. एक जागा नकोशी झाली की ती पिल्लांना मानेला धरून एकेक करून दुसरीकडे हलवते. आपण फक्त ती जागा नकोशी करायची. अ‍ॅटिकच्या, म्हणजे छपराखालच्या पोकळ जागेच्या, झाकणापाशी आम्ही दिवा चालू ठेवला, बोलबोल करणारं रेडिओ स्टेशन लावलं, आणि सायडर व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी बोळे करून ठेवली. गाणी लावू नका, माणसांचं बोलणं हवं. सासूबाईंनी रेडिओऐवजी आपलं कीर्तन लावायचं सुचवलं होतं. त्यावर नवरा म्हणाला, "आई, ती जायच्या ऐवजी बसून राहील."

ती गेली. एका रात्री सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तोंडात पिल्लू धरून कुंपणावरून चालली होती. मला उठवलंसुद्धा नाही. "तू आवाज केला असतास," म्हणाल्या.

त्यानंतरही लगेच भोक बुजवलं नाही. भोकात वर्तमानपत्राचा सैल बोळा घालून ठेवला. काही रात्री तो तसाच राहिला, तेव्हा कुठे खात्री. मग सावधगिरी म्हणून एकतर्फी दार काही दिवस, आणि शेवटी नवं सॉफिट, आतून अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड जाळी. कोंबड्यांची पातळ जाळी लावू नका, ती हाताने फाडतात.

तरीही पिंजरा लावायचाच असेल, तर निदान नीट लावा. आमच्या एका शेजाऱ्यांनी ट्यूना ठेवला. पहिल्या रात्री समोरच्यांचं मांजर आत. दुसऱ्या रात्री स्कंक, म्हणजे घाबरला की घाण वासाचा फवारा मारणारा प्राणी. स्कंकच्या पिंजऱ्याकडे जाताना जुनी चादर पुढे धरून, हळू बोलत, अगदी सावकाश जायचं असतं. ते गेले तसे नाहीत. त्यांचं जॅकेट नंतर कचऱ्यातच गेलं. ट्यूनाऐवजी मार्शमॅलो ठेवा, मांजरं त्याकडे ढुंकून बघत नाहीत. सरकारच्या लशीच्या खाऊलाही व्हॅनिला-मार्शमॅलोचाच वास असतो, म्हणजे आवड माहितीतली आहे. खाऊ पायपट्टीच्या (पाय पडला की दार पाडणाऱ्या पट्टीच्या) मागे, अगदी टोकाला ठेवा आणि पिंजऱ्याचा तो भाग बाहेरून झाका, नाहीतर रकून जाळीतून हात घालून एकेक मार्शमॅलो काढून खातो आणि दार उघडंच राहतं. पिंजरा सावलीत, खाली फरशी, वर वजन. पहाटे उठून बघा. उन्हात दुपारपर्यंत अडकलेला प्राणी मरतो, मग तुमच्या दयेला काय अर्थ? आणि मार्च ते जुलै पिंजरा लावूच नका, पिल्लांचे दिवस असतात.

विष्ठेचं कोणी बोलत नाही, म्हणून बोलते. रकून एकच जागा ठरवून तिथेच घाण करतो. आमच्याकडे डेकचा कोपरा. त्या विष्ठेत एक गोलकृमी असू शकतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर थेट मेंदूपर्यंत पोचू शकतो. प्रमाण दुर्मीळ, पण रांगणारं बाळ घरी असेल तर गंमत नाही. अंडी बाधक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून दिसल्याबरोबर साफ करा. हातमोजे, मास्क, आणि वरून उकळतं पाणी. ब्लीचने ती मरत नाहीत, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

ग्रीन बिनचं, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्याचं, म्हणाल तर शहराने २०१६ मध्ये फिरत्या कुलपाचे नवे डबे वाटले, रकूनला उघडता येणार नाहीत म्हणून. काही रकूननी ते शिकूनही घेतले. आम्ही बांगड्याची डोकी आणि सालं फ्रीजरमध्ये ठेवतो आणि गाडी येते त्या सकाळीच बाहेर काढतो. रात्री डबा अंगणात नाही, गॅरेजमध्ये.

बाकी, ह्या शहराचं मन ह्या प्राण्याबद्दल कधीच एक झालेलं नाही. २०१५ च्या जुलैमध्ये यंग स्ट्रीटच्या फुटपाथवर एक रकून मरून पडला, तर लोकांनी त्याचं नाव कॉनरॅड ठेवून फुलं आणि मेणबत्त्या वाहिल्या. सासूबाईंना मी ते फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, "मेल्यावर फुलं वाहण्यापेक्षा भोक बुजवा म्हणावं."

आमचं एकतर्फी दार गॅरेजमध्ये पडून आहे. कोणाला हवं असेल तर घेऊन जा. शिडी तेवढी तुमची आणा, आमची सॉफिटच्या कामात वाकली.