पडकं घर आणि शाकारणी

पडकं घर फोटोत फार देखणं दिसतं. राहतं घर बिचारं तसं दिसत नाही. दोरीवर टॉवेल वाळत असतो, पडवीत स्कूटर उभी असते, भिंतीवर बँकेचं कॅलेंडर. म्हणून मे महिन्यात सिंधुदुर्गात हिंडताना माझा कॅमेरा कुलूपबंद घरांपाशीच रेंगाळतो. जांभ्याचे चिरे, खिडकीचे लाकडी गज, घसरलेल्या कौलांतून माजघरात उतरलेलं ऊन. खरं म्हणजे ते ऊन तिथे असायलाच नको. माजघर अंधारंच असायचं, आणि तो अंधार कुठल्याच कॅमेऱ्याला धड झेपत नाही.

ही घरं जुनी झाली म्हणून पडली, असं आपण सहज बोलून जातो. पण ती रिकामी झाली म्हणून पडतात. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं घर एकदा बांधून मोकळं होता येत नाही. पावसाआधी शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी करायची, फुटकी कौलं बदलायची, कुजका वासा, रीप काढून नवी ठोकायची. पाऊस मारतो त्या बाजूला झडी, म्हणजे आडोसा बांधायचा. भुई तर सारखी सारवावीच लागते. चुलीचा धूर आढ्यापर्यंत जायचा, वासे काळे व्हायचे आणि कीड लांब राहायची. चूल विझली की लाकडाचा हा पहारा उठतो. मग एखादं कौल सरकतं, वासा भिजतो, भिंतीत पाणी मुरतं. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा? घराला वारस डझनभर, त्यातले निम्मे मुंबईत, आणि गणपतीत सगळे जमले तरी त्यावर एकमत होत नाही.

अशा एका घराच्या खळ्यात पडलेलं कौल मी उलटून पाहिलं. पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा ठसा होता. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. म्हणजे ज्याला आपण 'परंपरागत' म्हणून उसासे टाकतो ते मंगलोरी कौलही कधीतरी या भागात नवीनच आलं असणार. त्याआधी नळीची कौलं होती, गवताची छपरं होती. यंत्रावर छापलेली ही एकसारखी कौलं पाहून तेव्हाच्या एखाद्या आजोबांनी नाक मुरडलंच असेल. त्यांच्या हाती कॅमेरा नव्हता, एवढंच.

शेजारच्या काकी मघापासून माझ्याकडे बघत होत्या. "त्या पडक्याचो फोटो कित्याक काढतस? आमच्या नव्या घराचो काढ!" त्यांचं म्हणणं रास्त होतं. शाकारणीला आता माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि साठी उलटलेल्या बाईने कौलावर कोण चढणार याची काळजी किती वर्षं करायची? पोरांनी स्लॅब घालून दिला. स्लॅब म्हणजे कायमचं काम, असं ठेकेदाराने सांगितलं होतं म्हणे.

मी काढला फोटो. स्लॅब गळायला लागल्यावर त्यावर लोखंडी सांगाडा उभा करून पत्रे घातले आहेत, दोन्ही अंगांनी उतरते. रंग विटकरी. पत्र्यांवर कौलासारख्या पन्हाळीही आहेत.