कलम ३१४ आणि हेतूचा प्रश्न

कॅलिफोर्नियात फौजदारी बचावाचे काम करणाऱ्या एका वकीलबाईंच्या कार्यालयात मी गेली नऊ वर्षे साहाय्यक आहे. दर काही महिन्यांनी असा एखादा माणूस आमच्याकडे येतो, जो खुर्चीत बसल्यावर बराच वेळ आरोपाचे नावच उच्चारत नाही. तो हातातला कागद टेबलावरून पुढे सरकवतो आणि त्यावर राज्याच्या दंडसंहितेचे कलम ३१४ लिहिलेले असते, म्हणजे अश्लील अंगप्रदर्शन. घरी त्याने काही सांगितलेले नसते. गुन्हा किरकोळ वर्गातला आहे, म्हणजे इथल्या भाषेत ‘मिसडिमीनर’ आहे, एवढे मात्र त्याने कुठेतरी वाचलेले असते आणि म्हणून तो विचारतो, की पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळे होता येईल का. त्याच्या आरोपापेक्षा मला या प्रश्नाची अधिक धास्ती वाटते.

किरकोळ हा शब्द शिक्षेच्या मर्यादेपुरता खरा आहे. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने काउंटी तुरुंग आणि १,००० डॉलरपर्यंत दंड, एवढेच कायद्यात आहे. परंतु कलम ३१४ खाली दोषी ठरलेल्या माणसाला लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव घालावे लागते. १ जानेवारी २०२१ पूर्वी ही नोंद जन्मभराची होती. आता तिचे तीन स्तर केले आहेत आणि किरकोळ स्वरूपातला हा गुन्हा पहिल्या स्तरात, किमान दहा वर्षांच्या नोंदीत मोडतो. दर वाढदिवसाच्या सुमारास आणि घर बदलल्यावर पाच कामकाजी दिवसांत पोलिसांकडे हजर राहावे लागते, आणि ही हजेरी चुकवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. शिवाय याच कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास प्रकरण गंभीर गुन्ह्याच्या, म्हणजे ‘फेलनी’च्या वर्गात जाते. पहिल्या तारखेला पाच मिनिटांत दिलेली कबुली इतक्या दूरवर पोहोचते.

बचावाचा खरा पाया मात्र कलमाच्या शब्दांतच आहे. सरकारी वकिलांना केवळ शरीर उघडे होते एवढे दाखवून भागत नाही. आरोपीने जाणूनबुजून गुप्तांग उघडे केले, ज्यांना ते अपमानास्पद किंवा त्रासदायक वाटू शकेल अशा लोकांच्या उपस्थितीत केले, आणि ते कामुक हेतूने, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या लैंगिक उत्तेजनासाठी अथवा दुसऱ्याला लैंगिकदृष्ट्या दुखावण्यासाठी, त्याकडे लक्ष वेधून घेण्याच्या इराद्याने केले, हे सारे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावे लागते. यातला शेवटचा भाग ठामपणे प्रस्थापित झाला तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या ‘इन री स्मिथ’ या निकालाने. एक माणूस निर्जन समुद्रकिनाऱ्यावर कपडे काढून ऊन घेत पडला आणि झोपी गेला. नंतर किनाऱ्यावर इतर लोक आले, पोलीस आले आणि त्याला अटक झाली. न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, कारण नग्नता होती, पण लैंगिक हेतूने लक्ष वेधण्याचा प्रयत्न कुठेच नव्हता. आमच्या कार्यालयात या कलमाची नवी फाइल उघडली, की हा निकाल मी अजूनही पुन्हा वाचते. झोपलेला माणूस कोणाचे लक्ष वेधून घेणार, या साध्या तर्कावर तो उभा आहे, आणि तसा साधा तर्क प्रत्येक प्रकरणात शोधावा लागतो.

गेल्या काही वर्षांतले माझ्या मनात राहिलेले प्रकरण एका ट्रकचालकाचे होते. रस्त्याकडेला, ट्रकच्या उघड्या दाराआड तो लघवी करत होता. एक गाडी वळणावरून आत आली, आवाजाने तो दचकून वळला आणि गाडीतल्या महिलेने तिच्या लहान मुलीसह त्याला समोरून पाहिले. पोलिसांना तिने सांगितले, की त्याने आमच्याकडे वळून मुद्दाम दाखवले. ती खोटे बोलत नव्हती, हे मी आवर्जून लिहिते. तिने जे पाहिले ते खरे होते आणि मुलीसाठी तिला वाटलेली भीतीही खरी होती. ‘मुद्दाम’ हा शब्द मात्र तिने पाहिलेला नव्हता, तो तिचा निष्कर्ष होता. चांगल्या बचावात साक्षीदाराला खोटे पाडण्याचा प्रयत्न क्वचितच असतो. उलटतपासणीत किती अंतर होते, किती सेकंद पाहिले, हात कुठे होते, तो काही बोलला का, मागे आला का, असे शांत प्रश्न विचारून पाहिलेले आणि ताडलेले वेगळे करायचे असते. घाबरलेल्या आईला कोर्टात ओरडून प्रश्न विचारणारा वकील ज्यूरीचा विश्वास गमावतो आणि तिच्यावर अन्यायही करतो.

आमच्या तपासनीसाने दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गोदामाच्या फाटकावरचे चित्रीकरण मागून घेतले. असे चित्रीकरण ठरावीक काळाने आपोआप पुसले जाते, त्यामुळे वकील गाठायला लावलेला प्रत्येक दिवस महागात पडू शकतो. त्या दृश्यात क्रम स्पष्ट होता: गाडी वळण्यापूर्वीच तो दाराआड गेला होता, वळल्यावर क्षणभरात त्याने स्वतःला झाकले होते आणि तो ट्रकमध्ये चढला होता.

त्याचे नुकसान केले ते त्याच्याच पहिल्या जबाबाने. पोलिसांनी विचारताच तो म्हणाला, मी गाडीतून उतरलोच नाही. लाजेपोटी बोललेले हे वाक्य अहवालात नोंदले गेले, आणि जाणूनबुजून केलेले खोटे विधान अपराधी जाणिवेचा पुरावा म्हणून ज्यूरीसमोर मांडता येते. अंगप्रदर्शनाच्या प्रकरणांत हे इतक्या वेळा घडते, की मला वाटते, शरमेने सरकारी बाजूला जितका पुरावा पुरवला आहे तितका साक्षीदारांनीही पुरवला नसेल. वकिलाशिवाय उत्तर देणार नाही, एवढेच सांगून थांबण्याचा अधिकार त्यालाही होता.

प्रत्येक आरोपी असा गैरसमजाचा बळी नसतो. काहींनी ते कृत्य केलेले असते, काहींनी वारंवार केलेले असते, आणि पुरावा संहितेच्या कलम ११०८ मुळे तशा जुन्या घटना खटल्यात पुढे येऊ शकतात. त्यांनाही बचावाचा हक्क आहे, आणि तिथे बचाव बहुधा उपचारांच्या मार्गाने जातो. मानसिक आजाराशी गुन्ह्याचा संबंध असेल तर खटला थांबवून उपचारांकडे वळवण्याची तरतूद दंडसंहितेच्या कलम १००१.३६ मध्ये आहे. नोंदवहीत नाव घालावे लागणारे गुन्हे त्या तरतुदीतून वगळले आहेत, पण कलम ३१४ ला त्या वगळण्यातून स्पष्ट अपवाद दिला आहे. विधिमंडळाने हा अपवाद ठेवला याचे मला मनापासून समाधान वाटते. १९७२ मध्येच ‘इन री लिंच’ या दुसऱ्या निकालाने, या गुन्ह्याच्या पुनरावृत्तीसाठी तेव्हा असलेली एक वर्षापासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा राज्यघटनेविरुद्ध ठरवली होती.

तडजोडीची बोलणी होतात तेव्हा आरोप बदलून शांतताभंगाच्या कलम ४१५ वर आणण्याचा प्रयत्न असतो, कारण त्यात नोंदवहीची सक्ती नाही. मात्र कलम २९०.००६ नुसार, गुन्हा लैंगिक प्रेरणेने घडला असे न्यायाधीशांना आढळले तर अन्य गुन्ह्यांतही ते नोंदीचा आदेश देऊ शकतात. म्हणून नोंद होणार नाही ही अट तडजोडीच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी लागते, तोंडी आश्वासनावर विसंबता येत नाही.

जे अमेरिकेचे नागरिक नाहीत, त्यांच्यासाठी अजून एक धोका आहे. इमिग्रेशन अपील मंडळाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला, की कामुक हेतू हा या गुन्ह्याचा आवश्यक भाग असल्यामुळे तो नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरतो, आणि अशा गुन्ह्याचा परिणाम ग्रीन कार्डावर, व्हिसावर, प्रसंगी देशात राहण्यावर होतो. ज्या हेतूच्या अटीमुळे खटल्यात बचाव करता येतो, तीच अट गुन्हा कबूल केल्यावर माणसाच्या विरोधात उभी राहते. कबुलीमुळे देशाबाहेर घालवले जाण्याचा धोका वकिलाने अशिलाला सांगितलाच पाहिजे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘पडिया विरुद्ध केंटकी’ या प्रकरणात ठरवले. त्यामुळे वकिलाला पहिल्याच भेटीत आपल्या व्हिसाची स्थिती सांगावी, विचारले नाही तरी सांगावी.

ट्रकचालक ग्रीन कार्डधारक होता. चित्रीकरण आणि त्याच्या वाहतूक कंपनीच्या प्रवासनोंदी सरकारी वकिलांना दाखवल्यावर सात आठवड्यांनी त्यांनी आरोप मागे घेतला. अटकेची नोंद मात्र तशीच राहते, हे त्याला ठाऊक नव्हते. कलम ८५१.९१ खाली ती मोहोरबंद करण्याचा, म्हणजे इतरांच्या नजरेआड ठेवण्याचा अर्ज मीच टंकला, आणि सही करताना त्याने विचारले, की मोहोरबंद झाल्यावर बायकोला सांगितले तर चालेल ना. वकीलबाई म्हणाल्या, आजच सांगा.