राजा-गुलाम

पणजीला मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनोत मी पोकरचे पत्ते वाटते. खेळणाऱ्याला कसं खेळावं याविषयी एक शब्दही सांगायचा नाही, हा आमचा पहिला नियम. त्या रात्री तो फार जड गेला.

कोल्हापूरकडचा एक तरुण बसला होता. घरी तीन पत्ती खेळून आलेला, हे लगेच कळलं. मी 'ब्लाइंड' म्हटलं की हा पत्ते न बघताच चिप्स सरकवायचा. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे न बघता खेळणं. पोकरमध्ये ती पत्ते वाटण्याआधी ठरावीक दोन खुर्च्यांनी टाकायची रक्कम असते. मी नियम सांगितला, तो एवढाच.

पुढे तो पत्ते बघायला लागला. अंगठ्याने कड उचलायची, एक जरी चित्र दिसलं की आत. एकदा हरल्यावर त्याने पत्ते उघडले, बदामाची राणी आणि बदामाची चव्वी. एकाच चिन्हाचे पाच पत्ते जमले की हात मोठा, आणि हे दोन्ही बदाम, म्हणून खेळला होता! हातात दोन बदाम असताना फ्लॉपला, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, तिन्ही बदामच यावेत, हे साधारण 120 वेळांत एकदा घडतं. त्याच्या शेजारचे चष्मेवाले काका मात्र डावामागून डाव पत्ते टाकून, म्हणजे डाव सोडून, माझ्याकडे सरकवत होते.

मग तो डाव आला. ब्लाइंडच्या लगेच पुढची खुर्ची त्याची. पोकरमधली सगळ्यात अवघड जागा ती. आधी आपण बोलायचं, आणि मागे बसलेल्यांकडे काय आहे ते ठाऊक नाही. त्याने कॉल केला, म्हणजे लागलेली रक्कम भरली. काकांनी रेज केलं, म्हणजे ती वाढवली, बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले, याने पुन्हा कॉल केला. फ्लॉप : राजा, अठ्ठी, तिर्री. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, दुर्री. त्याने उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि राजा-गुलाम उघडला. काकांकडे एक्का-राजा. दोघांचीही राजाची जोडी, पण सोबतचा एक्का गुलामापेक्षा मोठा. न दिसलेल्या 44 पत्त्यांतले 3 गुलामच आता त्याला वाचवू शकत होते. मी रिव्हर, म्हणजे पाचवा आणि शेवटचा पत्ता, उलटला. सत्ती.

तो बराच वेळ त्या गुलामाकडेच बघत राहिला. मला काही बोलता येईना.

सकाळी कदंबा स्टँडवर मी सावंतवाडीच्या गाडीची वाट बघत होते, तर हा समोर.

"ताई, राजा-गुलाम वाईट होता का?"

युनिफॉर्म उतरवला होता, म्हणून बोलले. "सगळ्यात शेवटी बोलायची पाळी असती, आधीच्यांनी पत्ते टाकले असते, तर चांगला. पहिल्या जागेवरून मोठी जोडी, एक्का-राजा, एक्का-राणी, सुरुवातीला एवढंच धरा."

"आणि जोडी येते कितीदा?"

"कुठलीही म्हणाल तर 17 डावांत एकदा. एक्क्यांची 221 डावांत एकदा."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणून काका टाकत होते."

"हो."

"पण राणी-चव्वी... दोन्ही बदाम होते, ताई."

"तरी टाका," मी म्हटलं. तेवढ्यात कोल्हापूरची गाडी लागली.