पिको, रफू आणि गुणसूत्रांची टोकं

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी माझ्यासाठी एक प्रश्न ठरलेला असतो. मी प्राणिशास्त्र शिकवायचे हे कळलं की कुणीतरी चालता चालता विचारतंच, “मॅडम, म्हातारपण म्हणजे गुणसूत्रांची टोकं झिजणं ना? मग ती लवकर म्हातारी होणारी मुलं, त्यांची टोकं आधीच झिजलेली असतात का? आणि टोकं लांब करायची गोळी मिळते म्हणे, घेऊ का?” एका दमात तीन प्रश्न. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

माझी आई पंचवटीत घरी फॉल-पिको करायची. साडी आली की आधी टोक बघायची. कापल्या जागी धागे सुटायला लागलेले असत, त्यावर पिको फिरला की काम झालं. दोन घरं सोडून एक रफूवाले काका होते. त्यांच्याकडे नव्याने लागलेल्या पोराच्या हातात एकदा कुणाची तरी साडी आणि तिच्यातूनच कापलेला ब्लाउजपीस पडला. दोन्हींना पिको नव्हता. पोराला वाटलं साडी फाटलीय. त्याने बारीक टाके घालून दोन्ही पुन्हा जोडून ठेवलं! काम मात्र सुरेख होतं, हे आईनेही कबूल केलं.

पेशीतही असे रफूवाले आहेत. डीएनएचा धागा तुटला की धावत येतात आणि टोकं सांधून टाकतात. ते नसते तर आपण जगलोच नसतो. पण गुणसूत्रंही याच धाग्याची; त्या ४६ गुणसूत्रांची ९२ टोकं तुटलेली नाहीत, ती मुळातच टोकं आहेत, हे त्यांना कळणार कसं? तिथे टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं हजारो वेळा ओळीने लिहिलेली असतात. हाच टेलोमिअर. नुसत्या अक्षरांनी मात्र भागत नाही. त्यांच्यावर सहा प्रथिनांचा एक संच बसतो, त्याला शेल्टरिन म्हणतात. त्यातलं टीआरएफ-२ टोकाचा लोंबता एकेरी धागा मागे वळवून आत खोचायला मदत करतं, पदर खोचावा तसा. पॉट-१ त्या एकेरी धाग्याला धरून राहतं. प्रयोगशाळेत पेशीतलं टीआरएफ-२ काढून घेतलं, तर गुणसूत्रं टोकाला टोक जोडून माळेसारखी होतात. ब्लाउजपीस परत साडीला!

दर विभाजनात टोक थोडं कमी होतं, आणि काही पेशींत टेलोमरेज नावाचं विकर (एन्झाइम) ते भरून काढतं. टेलोमिअर गुणसूत्रांना कसा जपतो याच्या आणि टेलोमरेजच्या शोधासाठी ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना २००९चं नोबेल मिळालं. या टेलोमरेजला टोकापाशी बोलावण्याचं कामही शेल्टरिनच करतं. त्यातल्या टीआयएन-२ या मधल्या दुव्यात बिघाड झाला तर काय होतं, हे २००८ मध्ये कळलं. डिस्केराटोसिस कंजेनिटा नावाचा आजार. लहान वयात नखं खराब होतात, मानेवर जाळीसारखे डाग येतात, जिभेवर पांढरे चट्टे पडतात. पुढे अस्थिमज्जा रक्त बनवायची थांबते, कारण तिथल्या पेशींना सतत विभागायचं असतं. यांची टोकं खरोखरच फार आखूड असतात.

टीव्हीवर दिसतात ती टक्कल पडलेली, बारीक हनुवटीची मुलं मात्र प्रोजेरियाची. तिथे मूळ बिघाड टोकांत नसतो. पेशीकेंद्राला आतून आधार देणाऱ्या लॅमिन-ए या प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. हे २००३ मध्ये सापडलं. त्यातून प्रोजेरिन हे सदोष प्रथिन तयार होतं, केंद्राचा आकार बिघडतो आणि त्या ओढाताणीत टोकांनाही इजा होते. उपचाराविना ही मुलं सरासरी साडेचौदा वर्षं जगतात. २०२० मध्ये अमेरिकेत लोनाफार्निब या औषधाला मान्यता मिळाली. त्याने आयुष्य थोडं वाढतं, आजार बरा होत नाही.

राहिली गोळी. लांब टोक म्हणजे लांब आयुष्य, हा हिशोब कच्चा आहे. बहुतेक कर्करोगांच्या पेशी टेलोमरेज पुन्हा चालू करूनच विभागत राहतात. पॉट-१ मधल्या काही बिघाडांत टोकं उलट लांबतात, आणि अशा घराण्यांत त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाचा धोका वाढतो. परवा हे सगळं ऐकून एका काकूंनी कमरेच्या पाऊचमधून बाटलीच काढून दाखवली. सील शाबूत होतं.

“बिल ठेवलंयत ना?” एवढंच मी विचारलं.