धाप वेगळी, मरगळ वेगळी

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. सहकारनगरला राहायला आल्यापासून मी त्या चढते. रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा तरी. गेल्या वर्षी मार्चमध्ये एके सकाळी निम्म्या वाटेवर पोचायच्या आधीच मी खाली बसले. छातीत धडधड, कानात ठोके आणि पायांना कुणी ओली पोती बांधल्यासारखं. दिवसाला पाच फेऱ्या मारणारे (आणि भेटेल त्याला तो आकडा सांगणारे) एक आजोबा थांबून म्हणाले, "काय, लिफ्ट बंद आहे वाटतं आज?" आमच्याकडे चौकशी अशीच करतात. मी हसले, पाच मिनिटांनी उतरले आणि घरी कुणाला काही बोलले नाही. मार्च होता. मार्चमध्ये हिशेबाच्या माणसाला थकायची मुभा नसते.

मी मार्केट यार्डात, भुसार बाजारात, एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळते. सोळा वर्षं झाली. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएसचा कर, ११ ला जीएसटीआर-वन हे विक्रीचं विवरणपत्र, २० ला थ्री-बी हे जीएसटी भरण्याचं. माझं कॅलेंडर या तीन खुंट्यांवर टांगलेलं. शेठ स्वभावाने चांगले. "ताई, टेन्शन घेऊ नका," असं आवर्जून म्हणतात आणि त्याच दमात, "फक्त थ्री-बी आज गेलं पाहिजे."

हे टेन्शन 'घेणं' मोठं गमतीचं आहे. आपल्याकडे ताप येतो, सर्दी होते, पाय मुरगळतो. टेन्शन मात्र आपण घेतो. मंडईतून कोथिंबिरीची जुडी घ्यावी तसं. मग त्याने आजारी पडलो, तर चूक घेणाऱ्याची.

पर्वतीच्या प्रसंगानंतर घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. बीपी पाहिलं, नाडी पाहिली. "चाळिशीनंतर होतं असं, टेन्शन घेणं कमी करा," म्हणून एक लाल टॉनिक लिहून मिळालं. रक्त तपासावं हे तिथे कुणाच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही, कारण टेन्शन तर होतंच. उत्तर पटण्यासारखं असलं की माणूस पुढे शोधत नाही. त्या उत्तरात माझे चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत काय काय होत होतं, ते आज आठवलं की हसू येतं. गाळ्यावर गिऱ्हाइकाला दाखवायला तांदळाच्या नमुन्याच्या ताटल्या मांडलेल्या असतात. मी येताजाता त्यातले कच्चे तांदूळ तोंडात टाकायला लागले. इंद्रायणी, आंबेमोहोर, काही वर्ज्य नाही. हमाल हसायचे, "ताई, माल संपला तर शेठला काय सांगायचं?" रात्री अंथरुणावर पडलं की पायांत काहीतरी वळवळल्यासारखं व्हायचं, हलवल्याशिवाय राहवायचं नाही. सासूबाई शेजारच्या खोलीतून ओरडायच्या, "पाय हलवू नकोस गं, लक्ष्मी टिकत नाही घरात." खांदे सतत कानाशी. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा, जणू रात्रभर कुणाशी भांडतच होते. आणि चिडचिड इतकी, की दहावीतल्या मुलाने घरात हेडफोन काढणंच सोडून दिलं.

जुलैमध्ये एकाच बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मी दोनदा धरलं. सोळा वर्षांत असं झालं नव्हतं. सीएंच्या ऑफिसातल्या आर्टिकलशिपच्या पोराने ते पकडलं, आणि मी तिथे, त्या पोरासमोर, रडले. त्या आठवड्यात एका मैत्रिणीने मला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं.

या डॉक्टर बाईंनी स्टेथोस्कोप उचलायच्या आधी विचारलं, "थकवा म्हणजे कसला? खूप काम केल्यावर अंग आंबतं, तसा? जिना चढताना धाप लागते, तसा? की काहीच न करता मरगळ येते, उठावंसंच वाटत नाही, तसा?"

मी म्हटलं, तिन्ही.

"मग तिन्ही वेगवेगळे बघू," त्या म्हणाल्या. माझ्या या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. तोवर मी सगळ्याला एकच नाव देऊन एकाच खात्यावर टाकत होते.

त्यांनी पाळीबद्दल विचारलं, कच्च्या तांदळाबद्दल ऐकून मान डोलावली आणि तपासण्या लिहिल्या: सीबीसी, फेरिटिन, बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, साखरेसाठी एचबीएवनसी, शिवाय एक ईसीजी. थायरॉइड, साखर, हृदय ठीक निघालं. हिमोग्लोबिन ९.८, बाईमाणसाचं ते १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात. फेरिटिन ६. बी-१२ सुद्धा कमी, जे आमच्यासारख्या शाकाहारी घरांत नवल नाही. फेरिटिन म्हणजे काय ते मी माझ्या भाषेत समजून घेतलं. हिमोग्लोबिन ही गल्ल्यातली रोकड, फेरिटिन ही लोहाची बँकेतली शिल्लक. पुष्कळदा गल्ला चालू दिसतो आणि बँक कधीच रिकामी झालेली असते. माझी तर दोन्हीकडे बोंब होती. कच्चे तांदूळ खावेसे वाटणं आणि रात्री पाय वळवळणं, दोन्ही लोहाच्या कमतरतेत दिसतं म्हणे. लक्ष्मीचा काही संबंध नव्हता. सोनोग्राफीत एक लहानसा फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, निघाला, दर महिन्याला तिथून गळती होत होती. त्याची औषधं स्त्रीरोगतज्ज्ञांनी सुरू केली.

पण मला चटका लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन कमी पडलं की हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. ताण आला की ॲड्रिनलिनमुळेही हृदय जोरात धावतं, खांदे आखडतात, श्वास वर वर चालतो. शरीर पळायच्या किंवा भिडायच्या तयारीत असतं. आतून दोन्ही सारखंच जाणवतं. म्हणजे छातीत धडधडलं की माझं डोकं लगेच शोधायला लागायचं, काय चुकलं, काय राहिलं? आणि हिशेबाच्या धंद्यात शोधलं की सापडतंच. मग खरं टेन्शन यायचं, धडधड वाढायची. रक्ताने सुरू केलेलं मन पुढे चालवायचं.

लोहाच्या गोळ्यांनी आधी पोट बिघडवलं. मळमळ, बद्धकोष्ठ, काळी शौच (ती होतेच, घाबरू नका). डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड केली. एक गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या लोहाला आतडं दार उघडत नाही, त्यामुळे दिवसाआड घेतलेलं बरंच अंगी लागतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर, कारण सी जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं, आणि पुढेमागे तासभर चहा नाही. हे शेवटचं पथ्य मार्केट यार्डात पाळून दाखवावं कुणी! साडेदहा, बारा, चार, सहा, अमृततुल्यवाल्याचा पोरगा न विचारता कप ठेवून जातो, आणि नाही म्हटलं तर शेठ विचारतात, "राग आलाय का ताई?"

नोव्हेंबरात हिमोग्लोबिन १२.६ झालं. पर्वती एका दमात चढले. आजोबा वर होतेच. "झाली वाटतं दुरुस्त," एवढंच म्हणाले. कच्चे तांदूळ सुटले, पाय शांत झाले. घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. नवरा म्हणाला, "चला, रिपोर्ट नॉर्मल आले, मिटलं."

मिटलं नव्हतं. धाप गेली होती, मरगळ तशीच होती.

जुलैत डॉक्टरांनी नैराश्य मोजणारा एक नऊ प्रश्नांचा कागदही भरून घेतला होता, पीएचक्यू-नाइन. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, याला शून्य ते तीन गुण, एकूण २७ पैकी, जितके जास्त तितकं वाईट. तेव्हा मला १५ होते. त्यातले थकवा, झोप, भूक, लक्ष न लागणं हे प्रश्न रक्त कमी असलं तरी वाढतात, म्हणून त्यांनी तेव्हा घाई केली नाही, रक्त सुधारल्यावर पुन्हा भरू म्हणाल्या. नोव्हेंबरात १० आले. शरीराच्या रकान्यातले गुण उतरले होते. कशात रस न वाटणं आणि आपण कुचकामी आहोत असं वाटणं, हे दोन रकाने मात्र जागचे हलले नव्हते. त्यांनी समुपदेशकाचं नाव लिहून दिलं. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि महिनाभर तिच्यावर भाजीची बिलं रचली. रक्त कमी आहे हे सांगायला लाज वाटत नाही. उलट बायका त्यावर बीट आणि खजुराची चर्चा करतात. मन थकलंय म्हटलं की समोरचा विचारतो, "का, घरी काही झालंय का?"

डिसेंबरात, १९ तारखेच्या पहाटे साडेतीनला, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी १४४१६ फिरवला. हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर, चोवीस तास, फुकट, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. भिंतीवरच्या कुठल्याशा पोस्टरवर पाहिलेला लक्षात राहिला होता. पलीकडची मुलगी मराठीत बोलली. मी म्हटलं, "मला तसं काही झालेलं नाही, फक्त तीन वाजता जाग येते." हे वाक्य म्हणतानाच आवाज फुटला. तिने घाई केली नाही. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. तसं नव्हतं. शेवटी म्हणाली, चिठ्ठी आहे ना, मग उद्या फोन लावा.

कर्वे रोडच्या एका गल्लीत त्या समुपदेशक मॅडमकडे दर गुरुवारी संध्याकाळी जाऊ लागले. पहिले दोन आठवडे फक्त नोंद करायची होती, थकवा कधी आणि किती. मला खात्री होती की २० तारखेला सगळ्यात जास्त निघेल. निघाला २१ ला. आणि रविवारी. वीस तारखेला मी तुरुतुरु चालत होते, तडाख्यात कामं उरकत होते. काम संपलं की कोसळत होते. वीस दिवस घोडा टापा आपटत उभा आणि सुटल्यावर पाय मोडलेला.

झोपेचे नियम ऐकायला सोपे, पाळायला कर्मकठीण. झोप आली की मगच अंथरुणावर जायचं, वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, आणि कितीही वाजता झोपलं तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. पहिला आठवडा मी भुतासारखी फिरले. तिसऱ्यापासून फरक पडला. दुपारी चारनंतरचा चहाही गेला. अंग आंबण्यावर फिजिओथेरपी झाली. टेबलाची उंची बदलली. शिवाय एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची शंभरेक वर्षांपूर्वीची पद्धत शिकले. एकेक स्नायू मुद्दाम आवळायचा आणि सोडायचा. मूठ सुटली, पोटऱ्या सुटल्या. जबडा सोडा म्हटल्यावर कळलं की तो सोडतात कसा हेच मला ठाऊक नाही.

पण मुख्य गोष्ट झाली ती पाचव्या गुरुवारी. मॅडमनी विचारलं, "२० तारीख चुकली तर काय होईल?"

"विलंब शुल्क लागेल. शिवाय १८ टक्क्यांनी व्याज."

"किती?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी कॅल्क्युलेटर काढला. क्रेडिट वजा जाऊन दोन लाख कर भरायचा धरला, तर एका दिवसाचं व्याज ९९ रुपये. विलंब शुल्क दिवसाला ५०. एकूण १४९.

आम्ही दोघी त्या आकड्याकडे बघत बसलो. तीन वर्षं मी रात्री तीनला उठत होते ते १४९ रुपयांसाठी. मी हसले, मग हसता हसता थांबले, कारण मॅडम पुढे म्हणाल्या, "म्हणजे भीती पैशांची नाही." नव्हतीच. चूक झाली तर शेठ म्हणतील ताईंचं वय झालं, पोरगा म्हणेल आईला जमत नाही, आणि बिनचूक नसलेली मी म्हणजे नक्की कोण, हे मलाच सांगता येणार नाही. त्यावर पुढचे दोन महिने गेले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या मार्चमध्ये पुन्हा चार रात्री जागले. खांदे चढले, मुलावर खेकसले. फरक इतकाच की पाचव्या दिवशी मीच ते ओळखलं, शेठना म्हटलं, एक मुलगा मदतीला घ्या. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण घेतला. पोरगा हुशार आहे, डबल एंट्री पटकन पकडतो, चहा मात्र माझ्या वाटणीचाही पितो.

फेरिटिन अजून २२ वर आहे. हिमोग्लोबिन भरलं तरी शिल्लक भरायला आणखी काही महिने गोळ्या चालू ठेवायच्या आहेत. आज गोळीचा दिवस. लिंबू पिळलेला पेला हातात आहे आणि सासूबाई आतून हाक मारताहेत, चहा गाळलाय, निवतोय. मी म्हटलं, तासाभराने. त्या म्हणाल्या, "मग मी तुझाही पिते."