एका कोऱ्या रकान्यापायी अडकलेला पीएफ

नाशिकमधल्या अंबडच्या ज्या कारखान्यात मी प्रेसवर होतो तिथं मशीन तेच, शिफ्ट तीच, सुपरवायझरही तोच. बदलायचा तो फक्त कंत्राटदार, आणि तो बदलला की आमचा पीएफ नंबरही बदलायचा. ऑर्डरी आटल्या तेव्हा गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. वडील १९९१ च्या आधी सातपूरला पर्मनंट लागलेले. नोटीस नाही, हिशोब नाही, हे त्यांच्या पचनीच पडेना. "युनियनकडे जा," म्हणाले. आमच्या कार्डावर कंपनीचं नाव तरी होतं का!

यूएएन, म्हणजे सगळे पीएफ नंबर ज्याखाली येतात तो आपला कायमचा एक नंबर, चालू होता, आधार-बँक जोडलेली होती. तिथं काही अडलं नाही. अडलं ते जुन्या नंबरवरचे पैसे नव्यात आणताना. आधीच्या कंत्राटदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नव्हती. पासबुकात पैसे दिसतात, पण तो रकाना कोरा, म्हणून अर्ज पुढे सरकत नाही.

मग सिडकोतल्या त्याच्या ऑफिसच्या पायऱ्या चढणं सुरू झालं. साहेब बाहेर गेलेत. सिस्टीम बंद आहे. ज्याच्याकडे पासवर्ड होता तो पोरगा सोडून गेला. "तुमचं काँट्रॅक्ट संपलं ना, आता आमचा काय संबंध?" दर महिन्याला पगारातून कापताना बरा संबंध होता! एकदा तर सुट्टी मिळेना म्हणून बायको अर्ज घेऊन गेली, तिला तासभर जिन्यातच उभं ठेवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी सातपूरच्या एका जुन्या कामगाराने सांगितलं: ही तारीख आपली आपण भरता येते. पीएफच्या पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट' आहे. नोकरी सोडून दोन महिने झालेले हवेत आणि आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा, त्यावरच ओटीपी येतो. तारीख ज्या महिन्याची शेवटची वर्गणी जमा झाली त्याच महिन्यातली टाकायची. आधी पासबुक उघडून बघा, कारण एकदा भरली की ती आपल्याला बदलता येत नाही. इतकं सोपं होतं, आणि मी त्या जिन्यात चपला झिजवत होतो. सांगायचं म्हणून तरी त्या ऑफिसातल्या कुणी सांगावं!

आणि हो, कितीही तंगी असली तरी दर वेळी पीएफमधला पेन्शनचा भाग काढून मोकळे होऊ नका. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. नंबर जोडत गेलात तर तुटक तुटक वर्षंही मोजली जातात, पैसे काढलेत की तेवढी नोकरी गेली.

कंत्राटदाराने कापलेला पीएफ भरलाच नसेल, तर जबाबदारी मूळ कंपनीवरही येते. म्हणून गेटपास आणि पगाराच्या स्लिपा फेकू नका. माझ्या शेवटच्या पगारातली कपात पासबुकात अजून आलेली नाही. तक्रारीत या वेळी कंपनीचंही नाव टाकलंय.