सीलिंगात गेलेली जमीन

आमच्या श्रीरामपूर-राहाता पट्ट्यात सीलिंग म्हटलं की कुणी वर बघत नाही, सातबारा काढतात. 'अमक्याची सीलिंगात गेली', 'तमक्याला सीलिंगची मिळाली.' एकाच शब्दात एकाचं गेलं आणि दुसऱ्याचं आलं. तलाठी म्हणून नोकरी केली, पण 'कमाल जमीन धारणा' हे कायद्याचं खरं नाव मी फक्त आदेशात वाचलं. एका कुटुंबाने जास्तीत जास्त किती जमीन ठेवायची ते हा कायदा ठरवतो; त्यावरची सरकारजमा होते आणि भूमिहीनांना वाटतात. चावडीत कुणाच्या तोंडी ऐकलं नाही.

कायदा 1961 चा. पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून मर्यादा आणखी खाली आणली: पाच माणसांच्या कुटुंबाला बारमाही पाटपाण्याची 18 एकर, कोरडवाहू असेल तर 54. म्हणजे शेताला पाटाचं पाणी पोचतं की नाही, यावर सगळा हिशेब. दुसरं भांडण तारखेचं. 26 सप्टेंबर 1970 नंतरची खरेदीखतं आणि वाटण्या मर्यादा चुकवायला केल्याच्या संशयात. शिवाय सज्ञान मुलगा कुटुंबात धरत नसत, त्यामुळे शाळेच्या दाखल्याला सातबाऱ्याइतकी किंमत आली. जुने फेरफार चाळताना अशा वाटण्या दिसल्या, की भाऊ वेगळे झाले ते कागदावरच, चूल एकच.

पण खरा घोळ खंडकऱ्यांचा. इथल्या शेतकऱ्यांनी खाजगी साखर कारखान्यांना जमिनी खंडाने दिल्या होत्या. कायद्याने मर्यादा लावली ती कारखान्याला, आणि जादा ठरली ती शेतकऱ्याची मूळ जमीन! ती सरकारजमा होऊन राज्याच्या शेती महामंडळाकडे गेली. जमीनदार म्हणावं असे हे लोक नव्हतेच. परत मिळवायला पिढ्या गेल्या. माझ्या मते या कायद्याचा सर्वांत मोठा अन्याय तोच.

शहरात सीलिंगचा अर्थ निराळा. 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा, ज्याला सगळे यूएलसी (अर्बन लँड सीलिंग) म्हणत. मोकळ्या जागेची मर्यादा मुंबईत 500 चौरस मीटर, पुण्यात 1000. महाराष्ट्राने तो 2007 मध्ये रद्द केला. शेतीचा मात्र आहे तिथेच आहे.

आता नातवंडं येतात, सीलिंगात आजोबांना मिळालेली जमीन विकायची म्हणून. भूमिहीन माणसाला मिळालेली ती जमीन भोगवटादार वर्ग 2, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. घेणाऱ्यालाही सांगतो: आधी सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना नीट वाचा, मग इसाराचं बोला.